चोचीचा पंचनामा

एक मार्च, रविवार. सकाळचे साडेसात. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक गॅसवर शिजत होता, सोऱ्याला तेल लावून झालं होतं, गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरला होता, आणि शेजारच्या ओट्यावरून हाक आली.

"सिस्टर! पंच म्हणून या!"

ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना सांगायला नको. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरवावा लागतो. गार झाला की तो कोणाचं ऐकत नाही. मुंजाजीतात्याही कोणाचं ऐकत नाहीत. दोघांतला एक निवडायचा होता. एरवी मी चीक निवडला असता. त्या दिवशी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि निघाले, कारण त्या दिवशीच्या पंचनाम्यावर तात्यांचे डोळे अवलंबून होते.

ते कसं, हे सांगण्याआधी तात्या सांगायला हवेत.

मुंजाजीतात्या बोरीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. वय बहात्तर. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला. तात्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. जिंतूर तालुक्यात असा बांध नसेल ज्यावर तात्या उभे राहिले नाहीत आणि दोन भावांनी एकमेकांच्या आईचा उद्धार केला नाही. दोघं भाऊ एकाच आईचे, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नसे. तात्या मात्र शांतपणे साखळी टाकत, खुणा करत आणि शेवटी म्हणत, "हद्द कायम करा." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं की भाजीवालीनं "कोथिंबीर मोठी जुडी हाय" म्हटलं तरी ते विचारत, "मोठी म्हंजी किती? हद्द कायम करा."

निवृत्त झाले तेव्हा निरोपाला साहेबांनी त्यांना पक्ष्यांचं एक पुस्तक दिलं. साहेबांनाही ते कोणीतरी दिलेलं असावं आणि घरात जागा होत नसावी. पण तात्यांनी ते सरकारी परिपत्रकासारखं पहिल्या पानापासून वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून पक्ष्यांची मोजणी सुरू केली.

लोक पक्षी बघतात, नाव सांगतात, सोडून देतात. तात्यांना हे मंजूर नव्हतं. "एकट्यानं पाह्यलं ते पाह्यलं न्हाई. पुरावा लागतो." म्हणून प्रत्येक पक्ष्याचा पंचनामा. निळ्या फाइलीत, आखीव कागदावर, कार्बन घालून दोन प्रती. दुसरी प्रत कोणासाठी, हे मी विचारलं होतं. "पक्ष्यानं मागितली तर?" असं उत्तर मिळालं. तात्या विनोद करत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मजकूर साधारण असा असे: "आज रोजी आम्ही खाली सही करणारे पंच, मौजे बोरी येथे समक्ष हजर राहून पाहिले की, एक इसम पक्षी, डोक्यास तुरा असलेला, शेपटीखाली लाल, कडुनिंबाचे दुसऱ्या फांदीवर बसलेला होता. चतुःसीमा: पूर्वेस सिस्टर यांची पाण्याची टाकी, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस रहीमभाई टेलर यांचे दुकान, उत्तरेस मोकळे आभाळ. सबब सदर पक्षी बुलबुल असल्याचे निश्चित करण्यात येत आहे." खाली दोन सह्या. त्यातली एक बहुतेक वेळा माझी.

माझं नाव बोरीत फारसं कोणाला ठाऊक नाही. आरोग्य केंद्रात मी सव्वीस वर्षं नर्स आहे, त्यामुळे मी सिस्टर. तात्यांच्या फाइलीतही तेवढंच आहे.

पंच मिळाले नाहीत तर तात्या ते पैदा करत. एकदा थांब्यावरच्या झाडात भारद्वाज दिसला, तर त्यांनी थांबलेल्या बसच्या कंडक्टरला खाली उतरवलं. आत चाळीस माणसं, खाली कंडक्टर मान वर करून भारद्वाज बघतोय. तात्यांनी रंग विचारला, त्यानं सांगितला, सही केली, घंटी मारली. पुढचा आठवडाभर बस बोरीला आली की तोच कंडक्टर खिडकीतून ओरडे, "तात्या, आज काही हाय का?"

फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. परभणीची काही पोरं मोठाले कॅमेरे घेऊन एकदा आली होती. तात्यांनी फोटो हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि परत दिला. "सही कुठं हाय याच्यावर?"

मी सही करत असे, कारण सही करायला दोन मिनिटं लागतात आणि वाद घालायला वीस. गंमत म्हणून पाहिलं, एवढंच.

गंमत संपली ती जानेवारीत.

शाळेतल्या पोरांचे डोळे तपासायचे होते म्हणून मी केंद्राच्या भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता काढून, पुसून परत लावला होता. तात्या बीपी मोजायला आले. "आलोच हाय तर डोळे बी बघून टाका," म्हणाले. खुर्चीत बसले आणि वरपासून खालपर्यंत, अगदी बारीक ओळीसकट, सगळी अक्षरं धडाधड म्हणून मोकळे झाले. एक चूक नाही.

फक्त मी तक्ता उलटून लावलेला होता. पहिलीच्या पोरांसाठी मागची बाजू असते, तिच्यावर अक्षरं नसतात. नुसत्या इकडेतिकडे तोंड केलेल्या खुणा असतात. तात्या दर महिन्याला बीपी मोजताना पुढची बाजू पाठ करत आले होते.

मी हसले नाही. मला हसू आलंच नाही. चारठाण्याला तात्यांचे थोरले भाऊ होते, त्यांना मी पाहिलेलं होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. खाटेपासून मोरीपर्यंत एक सुतळी बांधलेली, तिला धरून ये-जा. शेवटची आठ वर्षं त्या सुतळीवर गेली. हा आजार घराण्यात फिरतो. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननं दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवता येते, तीही वेळेत गेलं तर. हे मी रोज चार जणांना सांगते. शेजाऱ्याला सांगायचं राहून गेलं होतं.

त्या दिवसापासून माझं लक्ष उडालं. सकाळी तात्या दूध आणायला निघाले की मी खिडकीशी. ते रस्ता ओलांडेपर्यंत माझा चहा गार. डावीकडून मोटारसायकल आली तर दिसायची, उजवीकडून आली तर अंगावर येईपर्यंत नाही. एकदा त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या नऊवारीला "राम राम, मावशी" केला. उत्तर आलं नाही म्हणून रागावून पुढे गेले.

"तात्या, परभणीला चला. डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवू."

"हा मोजणीचा डोळा हाय, सिस्टर. चाळीस वर्षं इंच सोडला न्हाई त्यानं."

"भाऊंचं काय झालं ते विसरलात?"

यावर ते उठून आत गेले आणि कडी लावली. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हाक आली ती पंच म्हणून. मी सही केली. डोळ्यांचा विषय काढला की कडी, पक्ष्याचा काढला की चहा, असं महिनाभर चाललं. मी पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा माझं ऐकतात का, सिस्टर? तुमीच बघा." बघा म्हणजे काय बघू? हात धरून ओढत नेऊ?

मग फेब्रुवारीच्या शेवटी कोळीखाऊ आला.

माझ्या परसात मोरीच्या पाण्यावर एक केळ वाढलीय. तिला केळफूल आलं होतं. गुरुवारी तात्या भिंतीवरून ओरडले, "सिस्टर, तुमच्या केळीवर कोळीखाऊ!"

मला वाटलं कोळी आला. पण हा पक्षी. मुठीत मावेल एवढा, पाठ हिरवट, पोट पिवळं, चोच लांबलचक. मध पितो. केळफूल त्याचं आवडतं. तात्यांनी पुस्तक उघडून पानावर बोट ठेवलं. ते बोट शेजारच्या पानावर होतं, पण मजकूर त्यांना पाठ होता. मी योग्य पान वाचलं. खाली लिहिलं होतं: सह्याद्रीची दाट, ओली जंगलं.

"तात्या, हा कोकणातला. इथं परभणीत याचं काय काम? हे आपलं साधं शिंजीर असेल, मादी. तीही पिवळीच असते."

"शिंजिराची चोच येवढी. हिची येवढी." त्यांनी बोटांनी दाखवलं. "तुमी सुया टोचा, सिस्टर. पक्षी माझ्यावर सोडा."

तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "ठीक आहे. रीतसर पंचनामा होऊ द्या. चोच लांब निघाली तर मी परत तुमच्या डोळ्यांचं नाव काढणार नाही. आखूड निघाली तर सोमवारी पहिल्या बसनं परभणी."

तात्यांना नाही म्हणता येत नव्हतं. पंचनाम्याला नाही म्हणणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. "कबूल," म्हणाले. "पंच तुमी अन् रहीमभाई. रविवारी सकाळी."

आणि तो हा रविवार.

ओट्यावर सतरंजी, फाइल, कार्बन. रहीमभाई गळ्यात टेप घालूनच आले होते. ईद जवळ आलेली, दुकानात कपड्यांचा ढीग. "तात्या, मेरेकु आज तरी सोडायचं. आठ पठाणी बाकी हायेत."

"टेप हाय ना गळ्यात? चोच मोजायला लागली तर?"

"तुमी पक्षी धरा, मी माप घेतो. शेरवानी शिवू."

मी पेन्सिल घेऊन बसले. लेखक मीच, तात्या सांगणार, मी लिहिणार. चतुःसीमा त्यांनी आधीच सांगून टाकली. आम्ही भिंतीपलीकडच्या केळीकडे बघत बसलो. स्वयंपाकघरात माझा चीक गार होत होता. जीव तिकडे नव्हताच. हे शिंजीर आहे, याबद्दल मला खात्री होती. पण तशी खात्री मला भाऊंच्या वेळीही होती, की परभणीचे डॉक्टर काहीतरी करतील. म्हणून मी खात्रीवर फार विसंबत नाही.

आठच्या सुमाराला ते आलं. केळफुलावर उलटं लटकलं. हिरवट पाठ, पिवळं पोट. आणि तोंडापुढे सरळ, लांब, चांगली दोन बोटं लांब चोच.



"बघा!" तात्या कुजबुजले. "दिसली?"

"या अल्ला," रहीमभाई म्हणाले. "लंबी हाय की, सिस्टर."

लांब होती. नाकारता येण्यासारखी नव्हती. मी डोळे चोळले, पुसूनही हाताला राहिलेला चीक पापणीला लागला. सगळं माझ्या डोळ्यांपुढे फिरलं: सही करायची, शब्द पाळायचा, आणि उन्हाळा संपेपर्यंत तात्यांच्या खाटेपासून मोरीपर्यंत सुतळी.

"लिहा," तात्या म्हणाले. "चोच: लांब."

मी 'चोच' लिहिलं. तेवढ्यात पक्षी उडाला. भिंत ओलांडून आमच्याच बाजूला आला, थेट तात्यांच्या ओट्याच्या वरच्या तारेवर, आमच्या डोक्यापासून चार हातांवर. तिथे तारेला मी इतके दिवस कचरा समजत होते असं काहीतरी लोंबत होतं. पक्ष्यानं मान वाकडी केली आणि ती लांब चोच त्या कचऱ्यात खोचली.

चोच तिथेच राहिली. पक्षी मागे सरला. तोंडाला आता बारीकशी, बाकदार, आखूड चोच होती. ती लांब होती ती गवताची काडी. बाईसाहेब घरटं बांधत होत्या.

मी रहीमभाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही सगळं दिसलं होतं. मी इतकी खूश झाले की ओरडणारच होते. तेवढ्यात तात्या बोलले.

"अजून बसलंय बघा. हलंना बी."

ते केळफुलाकडे बघत होते. केळफुलावर काही नव्हतं. पक्षी त्यांच्या टोपीच्या वर तारेवर होता, आणि तात्या रिकाम्या फुलाकडे मान पुढे काढून कौतुकानं बघत होते.

"कसं मध प्यायलंय," ते म्हणाले. "रहीमभाई, चोच सांगा."

रहीमभाईंनी टेप दोन्ही हातांनी धरली. "हौ, तात्या," ते हळू म्हणाले. "बैठेला हाय. लंबी हाय."

माझी पेन्सिल थांबली होती. रहीमभाई मला डोळ्यांनी विनवत होते. असू द्या, सिस्टर. त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, पण मला ते समजलं. मीही जानेवारीपासून तेच करत आले होते. चहा, सही, चहा.

"तात्या," मी म्हटलं, "फुलावर काही नाही. पक्षी कधीच उडाला. शिंजिराची मादी आहे, तोंडात काडी होती. आखूड चोच. आता तुमच्या डोक्यावर बसलीय."

तात्यांनी वर बघितलं नाही. फुलाकडेच बघत राहिले. मग विचारलं, "किती वेळ झाला उडून?"

"तीनेक मिनिटं."

"म्हंजी मी मोकळ्या जागेची मोजणी करायलो व्हतो."

रहीमभाई म्हणाले, "तात्या, कवाकवा सगळ्यांनाच होतं असं."

"गप बसा हो. खोटी साक्ष देता, वर समजूत काढता." पण आवाजात राग नव्हता. त्यांनी चाचपडत फाइल ओढली आणि मांडीवर घेतली. "गेल्या पावसाळ्यापासून दिसंना गेलंय, सिस्टर. मधोमध दिसतं, पण धुक्यातल्यावानी. कडंचं तर काहीच न्हाई. पक्षी आवाजावर वळखतो. बाकी तुमी पंच. तुमी म्हणता तांबडं, मी नाव लावतो. ही बया तोंडात काडी धरून गपचिप आली, म्हणून फसलो."

"मग परवा इतक्या ठामपणे लांब चोच म्हणालात ते?"

"लांब काहीतरी दिसलं व्हतं. लय दिसांनी काहीतरी दिसलं व्हतं."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"तुमी म्हणता मी भ्यालो," तात्या पुढे म्हणाले. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. "डॉक्टरला भेत न्हाई मी. चारठाण्याच्या दादांचे डोळे गेले तवा पहिला महिना लय लोक आले. मोसंबी घेऊन. मग एकेक कमी झालं. आंधळ्याकडं येऊन माणसानं करायचं काय? मग मी इचार केला. चहाला बोलावलं तर लोक म्हणतात, काम हाय. गप्पाला बोलावलं तर म्हणतात, उद्या येतो. पण पंच म्हणून बोलावलं ना, शिव्या देत का व्हईना, माणूस येतो. सहीला कोणी न्हाई म्हणत न्हाई. पण पंच बोलवायला पक्षी लागतो. अन् पक्षी दिसला असं म्हणायला डोळे लागतात."

रहीमभाई उठले आणि दुकानाकडे गेले. ते डोळे पुसायला गेले असं मला वाटलं होतं. पण स्वतःचा रोजा असून पाच मिनिटांत आमच्यासाठी बिस्किटाचा पुडा घेऊन परत आले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. आठ पठाणी तशाच राहिल्या.

मी फाइल चाळली. मागच्या जुलैपासूनचे कागद. सगळीकडे माझी सही. शेपूट दुभंगलेली, पोट पांढरं, पाय पिवळे. ही माझीच माहिती होती. आठ महिने मी त्या माणसाला पक्षी दाखवत होते आणि समजत होते की म्हाताऱ्याचं मन राखतेय. गावभराच्या डोळ्यांची नोंद माझ्याकडे असते.

अपुरा राहिलेला पंचनामा मी पुरा केला. चोच: आखूड, बाकदार. सबब, शिंजीर, मादी. रहीमभाईंनी सही केली. तात्यांच्या हाताला मी जागा दाखवली, त्यांनीही केली. चिकाचा दगड झाला होता, तो गल्लीतल्या म्हशीला घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला केंद्रात रजेचा अर्ज टाकला. वर्षात पहिलाच. सव्वासहाला तात्यांची कडी वाजवली. ते आंघोळ करून, कोट घालून, केव्हाचे तयार बसले होते. थांब्यापर्यंत मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालले.

बसमध्ये मी त्यांना खिडकीशी बसवायला लागले, तर म्हणाले, "तुमी बसा तिकडं. मला तिथं बसून काय?"

मी बसले. बोरी मागे पडली. तात्या हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या सीटच्या दांड्याकडे तोंड करून बसले होते.  सुई टोचण्याआधी माणसं अशीच बसतात, मी ओळखते. अशा वेळी बोलत राहायचं असतं. पण काय बोलणार? मोतीबिंदू असेल, असं खोटं कसं सांगणार? आधी तपासू द्या, एवढंच म्हणता येत होतं आणि ते म्हणून झालं होतं.

मी बाहेर बघितलं. इतकी वर्षं या रस्त्यानं गेले, मीटिंगचे कागद वाचत गेले.

"ऊस," मी म्हटलं. "ट्रॅक्टर चाललाय, दोन ट्रॉल्या. मागे पोरं कांड्या ओढतायत. तारेवर एक काळं बसलंय."

तात्या हलले नाहीत.

"शेपूट मोठी," मी म्हटलं. "टोकाला फाटलेली."

"कोतवाल," ते म्हणाले.

"विहिरीवर निळं काहीतरी. गेलं."

"डोकं तपकिरी?"

"बघितलं नाही."

"मग बघा ना, सिस्टर," तात्या चिडून म्हणाले आणि माझ्या बाजूला थोडे सरकले.

मी काच वर सरकवली, चष्मा पुसला आणि वाटेतलं झरी गाव येईपर्यंत मान वळवली नाही.